आईचे नाव घेणारे गीत

छत्तीसगडात राजीम येथे महानदी, पैरी आणि सोंढूर या तीन नद्यांचा संगम होतो. तिकडचे लोक या स्थानाला छत्तीसगडचा प्रयाग म्हणतात. भिलाई, दुर्ग, रायपूर या बाजूची पुष्कळ कुटुंबे आपल्या वडीलधाऱ्यांच्या अस्थी येथे आणतात, पिंडदानही येथेच करतात. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार होऊन भिलाईचा पोलाद कारखाना उभारला जाऊ लागला आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे त्या नव्या वसाहतीत येऊन राहिली. त्यांत नागपूर-वऱ्हाडाकडून आलेले आपले मराठी लोकही होते. गाव सुटले, घर सुटले, शेताची वाट सुटली. तरी अशा माणसालाही श्राद्धाच्या दिवशी एका प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते. गुरुजी विचारतात, आईचे नाव काय? आजीचे काय? पणजीचे काय? जन्मभर जिला नुसते ‘आई’ म्हटले तिचे नाव त्या दिवशी प्रथमच मोठ्याने उच्चारावे लागते, आणि चांगल्या धीराच्या पुरुषाचीही जीभ तेथे क्षणभर अडखळते.

नामगोत्राचा हा उच्चार आपण विधीसाठी राखून ठेवला. गीतात मात्र तो येऊ दिला नाही. आपल्या मराठी गीतांत गेलेल्या आईचा शोक थोडाथोडका नाही, पण त्या आईला बहुधा नाव नसते. जात्यावर बसलेली बाई गेलेल्या मातेची आठवण काढते ती ‘बया’ म्हणून, ‘माउली’ म्हणून. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून काम सुरू करून हजाराहून अधिक गावांतील बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या भांडारात आईबापांच्या ओव्यांचा वाटा फार मोठा आहे. आई गेली म्हणजे माहेर संपले, हा त्यांतला एक मोठा विषय. परंतु एकीची बया दुसरीच्या बयेहून वेगळी काढता येत नाही, आणि तेच त्या ओवीचे बळ आहे. पहाटे एका घरात ती ओवी उमटली, तर शेजारच्या घरातील पोरकी सून तीच आपली म्हणून उचलू शकते.

नागर कवींनीही हीच रीत पाळली. माधव ज्यूलियन यांची ‘प्रेमस्वरूप आई’ ही कविता आपणांपैकी बहुतेकांनी शाळेत म्हटली असेल, आणि वसंत प्रभूंच्या चालीवर लता मंगेशकरांच्या स्वरात ऐकली असेल. फारसीचा हा व्यासंगी प्राध्यापक, मराठीत गझल रुजविणारा कवी, आईपुढे येताच पुन्हा लहान मूल होतो आणि पुढच्या जन्मी तिच्याच पोटी येण्याची इच्छा धरतो. त्या कवितेतील आई कोण, कुठली, हे आपण विचारीत नाही. साने गुरुजींचे पाहा. १९१७ साली त्यांची आई गेली. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी तिच्या आठवणी लिहून काढल्या. पुस्तकाला नाव दिले ‘श्यामची आई’. पुस्तक आईचे, पण नाव मुलाचे! पुढे याच माणसाने बायकांच्या ओव्या वेचण्यासाठी केवढे श्रम घेतले, हे ज्यांनी त्यांचे ‘स्त्रीजीवन’ पाहिले आहे त्यांना सांगावयास नको.

आज ज्या गीताविषयी बोलावयाचे आहे, ते याच्या अगदी उलट वाटेने गेले. त्याचे नावच मुळी आईचे पाळण्यातले नाव आहे. ते इंग्रजी गीत आहे, रॉक संगीतातले आहे, ‘ज्यूलिया’ हे त्याचे नाव, आणि जॉन लेनन या गायकाने ते रचावयास घेतले ते आपल्या देशात, ऋषिकेशला, १९६८ साली. रॉक म्हटले की ज्यांना केवळ गोंगाट आठवतो त्यांनी क्षणभर धीर धरावा. या गीतात एक गिटार आणि एक आवाज यांपलीकडे काही नाही.

गोष्ट सुरू होते लिव्हरपूल बंदरात. जॉनचा जन्म १९४० चा, महायुद्धाच्या ऐन काळातला. बाप आल्फ्रेड जहाजावर नोकरीला. घरी क्वचित असे, आणि पुढे तर नाहीसाच झाला. आई ज्यूलिया हसरी, गाणारी, थोडी बेबंद. मुलगा पाच वर्षांचा असताना तो तिच्या थोरल्या बहिणीकडे, मिमी मावशीकडे, वाढावयास गेला. आई दुसऱ्या गृहस्थाबरोबर संसार करू लागली, तिला दोन मुली झाल्या. हे घर मावशीच्या घरापासून फार दूरही नव्हते. शिस्तीचे घर एक आणि हौसेचे घर दुसरे, अशी त्या मुलाची वाटणी झाली. मुलगा मोठा होऊ लागला तशी आईची भेट वाढली. तिला बॅंजो वाजवता येई. तिने मुलाला बॅंजोचे स्वरमेळ शिकविले, आणि प्रथम गिटार हाती आली तेव्हा जॉन त्याच बॅंजोच्या बोटांनी ती वाजवीत असे. म्हणजे ज्या विद्येने तो पुढे जगप्रसिद्ध झाला तिचा पहिला धडा त्याला आईपासून मिळाला होता.

ते दिवसही तसेच होते. १९५६ साली लॉनी डॉनेगन नावाच्या गायकाच्या एका ध्वनिमुद्रिकेने इंग्लंडची पोरे वेडावून टाकली. गाणे होते अमेरिकेतील एका रेल्वेमार्गाचे! भिलाईच्या श्रोत्यांना, ज्यांच्या कारखान्यात आपल्या रेल्वेचे रूळ तयार होतात, याची गंमत वाटेल. एक स्वस्त गिटार, कपडे धुण्याची पत्र्याची फळी, चहाच्या खोक्याला काठी आणि दोरी बांधून केलेले खर्जाचे वाद्य, एवढ्यावर गल्लोगल्ली वाद्यवृंद उभे राहिले. त्यांत जॉनचा एक होता. १९५७ च्या ६ जुलैला वूल्टन गावच्या चर्चच्या जत्रेत तो वाजवीत असता पॉल मॅकार्टनी नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाशी त्याची ओळख झाली. पुढे ज्यांना सारे जग बीटल्स म्हणून ओळखू लागले त्या मंडळीचा हा आरंभ होय.

पॉलची आई तोपर्यंत गेलेली होती. मेरी मॅकार्टनी ही परिचारिका आणि सुईण. ३१ ऑक्टोबर १९५६ रोजी, स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर, तिला मृत्यू आला. पॉल चौदा वर्षांचा होता. आईला झाले आहे तरी काय, हे मुलांना धड कोणी सांगितले नव्हते. त्याच सुमारास त्याने आपले पहिले गाणे रचले. ते हरवलेल्या एका मुलीविषयी आहे. हरवलेल्या आईविषयी नाही, निदान शब्दांत तरी नाही.

मग १९५८ च्या १५ जुलैची रात्र आली. ज्यूलिया बहिणीला भेटावयास आली होती. रात्री पावणेदहाच्या सुमारास ती घरी जावयास निघाली, बसच्या थांब्याकडे जाण्यासाठी मेनलव्ह अ‍ॅव्हेन्यू हा रुंद रस्ता ओलांडू लागली, आणि एका मोटारीने तिला उडविले. मोटार कामावर नसलेला एक पोलीस शिपाई चालवीत होता. ज्यूलियाचे वय चव्वेचाळीस. जॉन त्या वेळी तिच्याच घरी तिची वाट पाहत बसला होता. वर्दी घेऊन पोलीस दारात आला. मुलगा सतरा वर्षांचा होता. ज्या आईला तो लहानपणी एकदा मुकला होता आणि जी नुकतीच परत मिळाली होती, तिला तो पुन्हा मुकला. तिच्या थडग्यावर कित्येक वर्षे साधा दगडही नव्हता.

येथे त्या काळच्या इंग्लंडविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून पुढच्या दहा वर्षांचे मौन कळणार नाही. जेफ्री गोरर या मानवशास्त्रज्ञाने १९६५ साली ब्रिटनमधील मृत्यू आणि सुतक यांविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे स्वतःचे वडील १९१५ साली ‘लुसितानिया’ जहाजाबरोबर बुडाले होते, तेव्हा विषय त्याला नुसता अभ्यासाचा नव्हता. त्याने दाखवून दिले की व्हिक्टोरिया राणीच्या काळचे काळे कपडे, दुखवट्याचे ठरलेले महिने, शेजाऱ्यांच्या ठरलेल्या भेटी, हे सारे मोडीत निघाले होते आणि त्याच्या जागी दुसरे काहीच आले नव्हते. मृत्यू हा विषय चारचौघांत न काढण्याचा झाला. मुलांना तर बहुधा काही सांगतच नसत. मॅकार्टनी बंधूंचीही आई गेल्यावर काही दिवसांसाठी नातेवाइकांकडे रवानगी झाली होती. दुःख करावे कसे आणि संपवावे केव्हा, हे सांगणारा कोणी उरला नव्हता.

आपल्याकडे दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध यांची पुष्कळ थट्टा झाली आहे, आणि त्यांतील खर्चाविषयी व भिक्षुकीविषयी सुधारकांनी केलेली टीका मला मान्यही आहे. पण तेरा दिवस घरात माणसे येत-जात राहतात, गेलेल्याचे नाव घेतले जाते, आणि चौदाव्या दिवशी माणूस उठून कामाला लागतो, ही सोय काही लहान नव्हे. लिव्हरपूलच्या त्या दोन मुलांना ती मिळाली नाही. त्यांनी एकमेकांना काय सांगितले असेल ते असो; पॉलने पुढे अनेकदा म्हटले आहे की आई गेलेली असणे हा त्या दोघांमधला एक बंध होता. मात्र गाण्यात त्यांनी त्याला हात घातला नाही. १९६२ पासून त्यांनी रचलेली जी गीते जगभर गाजली ती बहुतेक प्रेमिकांची होती. ‘मी’ आणि ‘तू’ यांच्या त्या जगात आईला जागा नव्हती. तरुणांचे हे संगीत मुळी आईबापांपासून सुटका म्हणूनच खपत होते. त्यात आईच्या नावाने रडणार कोण?

१९६७ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या आयुष्यात आणखी एक मृत्यू आला. वेल्समधील बॅंगर येथे ते महेश योगींच्या शिबिरात असताना, त्यांचा व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाइन लंडनमध्ये अचानक मरण पावला. वार्ताहरांनी गराडा घातला तेव्हा या तरुणांनी सांगितले की शोकाने खचून जाऊ नका असा योगींचा उपदेश आहे. राजीम ओलांडून थोडे पुढे गेले की पांडुका नावाचे गाव लागते. छत्तीसगडात ते महेश योगींचे जन्मगाव मानले जाते. अलाहाबादला पदार्थविज्ञान शिकलेला आणि ज्योतिर्मठाच्या शंकराचार्यांच्या सेवेत वाढलेला हा साधू पुढे पश्चिमेकडे गेला. त्याच्या मागोमाग, १९६८ च्या फेब्रुवारीत, बीटल्स ऋषिकेशला आले. अस्थी आणि पिंड यांच्या संगमाजवळ ज्याचे गाव, त्याच्या आश्रमात एका परदेशी तरुणाने दहा वर्षांपूर्वी गेलेल्या आईचे नाव गंगेच्या काठी गीतात घ्यावे, हा योगायोगच. मी त्यातून काही सिद्ध करू इच्छीत नाही. योगींच्या ध्यानपद्धतीविषयी मला मतही द्यावयाचे नाही. एप्रिलमध्ये जॉन तेथून रागावूनच परतला, हेही सर्वांना ठाऊक आहे.

मात्र त्या काही आठवड्यांत दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे, बीटल्सना कित्येक वर्षांत प्रथमच निवांतपणा मिळाला. दुसरी गोष्ट बोटांची. डोनोव्हन हा स्कॉटलंडचा गायक तेथे होता. अंगठ्याने खर्जाच्या तारा आळीपाळीने छेडीत राहावयाचे आणि उरलेल्या बोटांनी वरच्या तारांवर सूर वेचावयाचे, ही लोकगायकांची वादनपद्धती त्याने जॉनला शिकविली. दहा वर्षांपूर्वी आईने शिकविलेली बॅंजोची बोटे आणि आता शिकलेली ही नवी बोटे. त्यांतून ‘ज्यूलिया’ निघाले. विजेच्या गिटारीला तारेच्या लोखंडाने चुंबकीय क्षेत्र हलवावे लागते तेव्हा आवाज फुटतो. येथे ती यातायात नाही. पोकळ लाकडाची साधी गिटार पुरली.

चाल ऐकण्यासारखी आहे. बराच वेळ ती एकाच सुरावर रेंगाळते, जणू कोणी पोथी वाचीत आहे किंवा नाव जपत आहे. एक ओळ पुरती संपण्यापूर्वीच तिच्या शेवटावर आईच्या नावाची हाक येऊन पडते. गायकाने आपलाच आवाज दोनदा मुद्रित करून हे साधले आहे. त्यामुळे हाक मारणारा एक आणि ओळ पुरी करणारा दुसरा, असा भास होतो. आरंभीची कल्पना खलिल जिब्रानच्या १९२६ सालच्या ‘सँड अँड फोम’ या पुस्तकातून उसनी घेतलेली आहे, तेव्हा मौलिकतेचा आग्रह धरणाऱ्यांना येथे बोट ठेवावयास जागा आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या गीतात आई एकटी नाही. जॉनच्या आयुष्यात त्या वेळी योको ओनो ही जपानी चित्रकर्ती येत होती. योको या नावाचा अर्थ ‘समुद्राचे मूल’, आणि तो अर्थ गीतात गुंफलेला आहे. गेलेल्या आईला तो नव्या स्त्रीची वार्ता सांगतो, की नव्या स्त्रीतच आईला पाहतो, हे नीट उलगडत नाही. शुद्ध विलापिका म्हणून पाहिले तर हे वैगुण्य आहे. मला मात्र त्यातच या गीताचा खरेपणा दिसतो. आईविषयीचे दुःख कोरडे, वेगळे काढून ठेवलेले नसते. माणसाच्या आयुष्यात पुढे जे काही येते त्याला ते चिकटते. श्यामची आई सांगणारा श्यामदेखील आश्रमातील मुलांपुढेच ती सांगतो ना!

१९६८ च्या १३ ऑक्टोबरला लंडनच्या अ‍ॅबी रोडवरील कलागृहात हे गीत मुद्रित झाले. बीटल्सच्या साऱ्या ध्वनिमुद्रिकांत जॉनने एकट्याने गायिलेले आणि वाजविलेले एवढे एकच गीत आहे. इतर तिघांपैकी कोणीच त्यात नाही. काचेपलीकडे नियंत्रणकक्षात मात्र पॉल बसला होता. मुद्रणाच्या फेऱ्यांमध्ये दोघांचे जे बोलणे झाले ते पुढे प्रसिद्ध झालेल्या मुद्रणात ऐकू येते. ते सगळे वाजविण्याच्या तपशिलाचे आहे. आईविषयी त्यात अवाक्षर नाही.

ज्या गीतसंचात ‘ज्यूलिया’ आले तो रचला जात असतानाच्या त्या धामधुमीत पॉलला एक स्वप्न पडले. बारा वर्षांपूर्वी गेलेली आई स्वप्नात आली आणि तिने त्याला धीर दिला. त्यातून ‘लेट इट बी’ हे गीत झाले. ते १९७० च्या मार्चमध्ये बाहेर पडले. त्यात मेरी हे नाव स्पष्ट आहे, पण जगातील कोट्यवधी श्रोत्यांनी ती ख्रिस्ताची माता समजून ते गीत देवघरात नेऊन बसविले. पॉलने कोणाला अडविले नाही. म्हणजे त्याची आई नाव घेऊनही अनामिक झाली, आपल्या ओवीतील बयेसारखी सर्वांची झाली. दोघांचे स्वभाव यात पुरते दिसतात.

जॉनला तेवढ्याने पुरले नाही. १९७० साली त्याने आर्थर यानोव या मानसोपचारतज्ज्ञाकडे उपचार घेतले. बालपणीचे दुःख ओरडून बाहेर काढावे, अशी त्यांची पद्धत होती. त्या वर्षाच्या डिसेंबरात त्याची पहिली स्वतंत्र गीतमालिका निघाली. तिचे पहिले गीत ‘मदर’. ते सुरू होते संथ, जड घंटेच्या ठोक्यांनी, अंत्ययात्रेच्या वेळी चर्चमध्ये वाजते तशा घंटेने. मग गायक आईला आणि बापालाही निरोप देतो, आणि शेवटी शब्द सुटून नुसता आक्रोश उरतो. रसिक म्हणून मला ‘ज्यूलिया’ अधिक प्रिय आहे. आक्रोश दुसऱ्यांदा ऐकवत नाही. पण ती घंटा मात्र विसरता येत नाही. १९५८ साली सतरा वर्षांच्या पोराच्या दुःखाला जी घंटा मिळाली नाही, ती त्याने बारा वर्षांनी स्वतःच्या हाताने वाजविली. हीच मालिका संपते ती आई मेली एवढेच सांगणाऱ्या, पुरा मिनिटभरही न चालणाऱ्या एका तुकड्याने, आणि त्याची चाल बालगीताची आहे.

यानंतर ही वाट रुळली. पिंक फ्लॉइड या वाद्यवृंदाचा रॉजर वॉटर्स पाच महिन्यांचा असताना, १९४४ च्या फेब्रुवारीत, त्याचे वडील इटलीत आंझिओच्या लढाईत कामी आले; ज्या बापाचा चेहराही आठवत नाही त्याच्यासाठी त्याने १९७९ सालचा ‘द वॉल’ आणि १९८३ सालचा ‘द फायनल कट’ हे दोन संपूर्ण गीतसंच भरून काढले. इतर उदाहरणेही पुष्कळ आहेत. त्यांत शिरण्याचे कारण नाही.

ज्यूलियाच्या घरातील पुढची हकीकत तेवढी सांगून थांबतो. जॉनला १९६३ साली मुलगा झाला, आणि गेलेल्या आईच्या नावावरून त्याचे नाव ज्यूलियन ठेवले. माधव ज्यूलियनांच्या वाचकांना हे नाव परके वाटू नये. आपल्याकडेही आजी-आजोबांचे नाव नातवंडांना देतात, तशीच ही रीत. १९६८ च्या उन्हाळ्यात, ऋषिकेशहून परतल्यावर, जॉनने बायको आणि पाच वर्षांचा ज्यूलियन यांना सोडून योकोबरोबर संसार मांडला. आईचे गीत रचणाऱ्या मुलाने आपल्या मुलाला तेच दुःख दिले. आई आणि मूल यांना भेटावयास त्या दिवसांत मोटार हाकीत गेला तो पॉल, आणि वाटेत त्या मुलाची समजूत घालण्यासाठी त्याच्या मनात एक गीत जुळू लागले. तेच पुढे ‘हे ज्यूड’ म्हणून जगभर गेले. १९८० च्या ८ डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये स्वतःच्या घराच्या दारात जॉनची गोळ्या घालून हत्या झाली, तेव्हा ज्यूलियन सतरा वर्षांचा होता.